दहा चौकोन

"हात ढिला सोडा, राव. तुमी काय करू नका. मी फिरवतो."

हे वाक्य मी ठसेभाईंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की कधी दाढी करायला बसलो आणि न्हाव्यानं हनुवटी धरली, तरी मला तेच ऐकू येतं. चोराला ते हेच सांगत आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाही हेच. माणूस बोटांचे ठसे द्यायला बसला की हात ताठ करतो. सहकार्य म्हणून बोट स्वतःच दाबायला जातो आणि ठसा फिसकटतो. मग ते त्याचं मनगट हलकेच हलवत, ताप आलेल्या पोराचं धरावं तसं, आणि म्हणत, "हात ढिला सोडा."

ते जुन्नरच्या बाजारपेठेतल्या आमच्याच गल्लीत राहत. घराणं जुन्या काळी कागद करणाऱ्यांचं. आजोबांच्या हौदात लगदा असे आणि नातवाच्या नशिबी शाई आली, असं ते स्वतःच म्हणत. पोलीस खात्यात होते, पण पोलीस नव्हते. वर्दी नाही, काठी नाही, सलाम ठोकणं नाही. खांद्याला एक रेक्झिनची पिशवी; तिच्यात काळी पूड, मऊ केसांचा ब्रश, काचेचा तुकडा, शाईचा रूळ, भिंग आणि एक कॅमेरा. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत कुठं घर फुटलं, कुठं बेवारस माणूस सापडला, की पिशवी उचलून एसटीनं निघायचे. सगळी गल्ली त्यांना ठसेभाई म्हणे.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. भेटल्यावर तोंडाकडे न बघता भलतीकडेच बघणारा. चांभार पायांकडे बघतो, हे बोटांकडे बघत. आमच्या लग्नात आहेर देताना त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "मुबारक हो. डाव्या हातानं लिव्हता का राव?" बायकोच्या घरच्यांपासून ही गोष्ट लपवून ठेवली होती असं नाही, पण कुणी विचारली नव्हती. सासरे तिथंच उभे. दहा मिनिटं त्यांचा चेहरा उतरलेला होता.

मी दुय्यम निबंधक कार्यालयात कारकून. म्हणजे लोक जमिनीचे दस्त नोंदवायला येत आणि मी त्यांचे अंगठे एका जाडजूड पुस्तकात घेत असे. आमचं ऑफिस पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. पंचनाम्याला साक्षीदार म्हणून सरकारी माणूस लागला की हवालदार दारातून डोकं आत घालून बघे, आणि बाकीचे चौघे एकदम कामात बुडून जात. मला ती कला कधीच जमली नाही. त्यामुळे तालुक्यात माझ्याइतके पंचनामे बघितलेला आणि माझ्याइतक्या वेळा भोवळ येऊन खाली बसलेला दुसरा पंच नसेल. घरच्या लग्नाकार्यात पोरं अजून मागे लागतात, "काका, तुम्ही बेशुद्ध पडलेली गोष्ट सांगा." मी विचारतो, "कुठली?"

एकदा ते आमच्या ऑफिसात सहज आले आणि अंगठ्यांचं पुस्तक चाळायला लागले. भिंग लावलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं काही अफरातफर सापडली.

"ह्यो अंगठा हाय का शाईचा डाग?"

"चालतं हो. वर्षानुवर्षं असंच चालतंय."

"चालतंय म्हनून तर बोलतोय, राव. उद्या ह्या मान्सानं म्हटलं म्या सही केलीच न्हाई, तर हे बघून सायबाला काय कळंल? म्हैस बसून गेली म्हनंल."

त्या दिवशी त्यांनी मला अंगठा घ्यायला शिकवलं. शाई पातळ लावायची, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अंगठा फिरवायचा, दाबायचा नाही. त्यानंतर आमच्या पुस्तकात अंगठे असे उमटायला लागले की कागदावर बोट ठेवून रेघा मोजाव्यात. साहेबांनी मला त्याबद्दल शाबासकी दिली आणि मी ती निमूटपणे घेतली.

त्यांच्या कामात लोकांची मदत फार आड येई. ओतूरकडे एका घरी चोरी झाली. आम्ही पोचलो तर गोदरेजचं कपाट लखलखत होतं. घरच्या बाईनं ते ओल्या फडक्यानं पुसून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. चोराचा हात लागला, विटाळलं ना कपाट! त्यावर धीर द्यायला आलेल्या तीसेक माणसांनी, "इथूनच का हो उघडलं?" असं विचारत एकेकदा हात ठेवला होता. ठसेभाईंनी कपाटाला एक प्रदक्षिणा घातली, ब्रश पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "ताई, चोर सोडून समद्या गावाचे ठसे हायेत. चहा ठेवा."

एवढं सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं मला अजून नेता येत नाही.

पिंपरी पेंढारच्या बाजूला कालव्याच्या दाराला एक प्रेत अडकलं. पाच-सहा दिवस पाण्यात होतं. हवालदाराचं डोकं आमच्या दारात आलं, चौघे कामात बुडाले आणि मी निघालो. चेहऱ्याबद्दल मी काही सांगणार नाही. चेहरा नव्हताच. अंगात मळखाऊ पँट आणि उजव्या हातावर, मनगट आणि कोपराच्या मधे, हिरवं गोंदण. ठसेभाई वाकले. तो हात पाण्यानं धुतला आणि मोठ्यानं वाचलं, "ब-ब-न."

गर्दीतून एक माणूस पुढे आला. बबन नावाचा त्याचा धाकटा भाऊ आठवड्यापूर्वी कामासाठी म्हणून घरातून गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. हा थोरला. शाळेत गेलेला नव्हता. गोंदणातली अक्षरं त्याला नुसत्या हिरव्या रेघा. पण भावाच्या हातावर नाव गोंदलेलं आहे हे त्यानं बघितलं होतं. "त्योच," म्हणाला आणि मटकन खाली बसला. अंगकाठी तीच, वय तेच, हातावर नाव तेच. झालं. हवालदारानं लिहून घेतलं, ओळख पटली.

"आता ठसे कशाला?" हवालदार म्हणाला.

"कागद पुरा करायचा असतो."

पाण्यात इतके दिवस राहिलेल्या माणसाच्या बोटांची कातडी मोज्यासारखी सुटते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ठसेभाईंनी स्वतःच्या हातात पातळ रबरी मोजा चढवला. मग त्या माणसाच्या अंगठ्यावरून सुटलेली कातडी त्यांनी दोन बोटांनी अलगद काढली आणि आपल्या अंगठ्यावर घातली. शिंप्यानं बोटात अंगुस्तान घालावं तशी. काचेवरच्या शाईवर फिरवली, कागदाच्या पहिल्या चौकोनात फिरवली. मग दुसरं बोट. आणि हे करताना, माझ्या कानांनी ऐकलंय, ते पुटपुटत होते, "हात ढिला सोडा, भाऊ. मी फिरवतो."

मी दोन पावलं मागे गेलो. तिसरं हवालदाराच्या बुटावर पडलं. चौथं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा बाभळीखाली होतो आणि ठसेभाई हात धूत होते.

"तुम्ही... त्याचं बोट... तुमच्या बोटात?"

"त्याच्या बोटात आता जोर न्हाई ना, राव. कातडीवर रेघा त्याच्या असत्यात, पन आतून कुनाचा तरी जोर लागतोच."

संध्याकाळच्या आत गावानं त्याला अग्नी दिला. बायकांना प्रेत दाखवायची पद्धत नाही, आणि अशा स्थितीत तर नाहीच. बबनच्या बायकोला घरात सांगितलं, हातावरनं ओळखलं. तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तीन वर्षांची पोर होती पदराला.

नवव्या दिवशी ठसेभाई आमच्या ऑफिसात आले. "त्या बबनच्या घरची वाटनी तुमच्याकडं नोंदली असंल ना? थोरला बोलता बोलता म्हनला व्हता. बबनचा अंगठा काढा जरा."

"कशाला? झालं ना सगळं."

"कागद पुरा करायचा असतो."

काढला. दोन वर्षांपूर्वीचा दस्त, मीच घेतलेला अंगठा, स्वच्छ. त्यांनी तो खिडकीशी नेला, शेजारी आपला कागद धरला, भिंग लावलं. मी फायली लावत होतो. वळून बघितलं तर ते भिंतीला टेकून उभे होते.

"राव, तुमच्या पुस्तकातल्या अंगठ्यावर चक्र हाय. माझ्या कागदावर शंख."

आपण लहानपणी एकमेकांच्या बोटांवरची शंख-चक्रं मोजायचो, तेवढंच मला कळत होतं. पण तेवढं कळायला पुरेसं होतं. चक्राचा शंख कालव्याच्या पाण्यानं होत नाही.

आम्ही ठाण्यात गेलो. फौजदार जेवायला बसत होते. त्यांनी डबा न झाकताच ऐकलं.

"सख्ख्या भावानं ओळखलंय. हातावर नाव आहे. तूच वाचलंस. आता तू म्हणतोस तो तो नव्हे?"

"साहेब, अंगठा खोटं बोलत न्हाई."

"मग बबन कुठाय? आण. नाही ना? उद्या तिकडं जाऊन सांगशील नवरा जिवंत आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्या विहिरीत निघाला म्हणजे? त्या बाईला दोनदा रांडवपण देणार का? फाईल बंद झालीय."

बाहेर आल्यावर ठसेभाई पायरीवर बसले. फौजदारांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तेच तर अवघड होतं. सांगावं तर ती बाई न आलेल्या माणसाची आयुष्यभर वाट बघत बसेल. न सांगावं तर एक जिवंत माणूस कागदावर मेला, आणि कुणाचा तरी मेलेला माणूस कुणाच्याच खाती नाही. मी त्यांना सल्ला दिला, गप्प बसा. माझे सल्ले साधारण याच प्रकारचे असतात.

"म्या वाचलं ना नाव," ते म्हणाले. "मोठ्यानं. समद्यांनी माझंच ऐकलं."

दुसऱ्या दिवशी दहावा. आम्ही एसटीनं पोचलो तेव्हा मंडळी नदीवरून परतली होती. अंगणात मांडव, पंगतीची तयारी, तासलेली डोकी. एका बाजूला बायका भांडी घासत होत्या. ठसेभाईंनी थोरल्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. हळू आवाजाचा काही उपयोग झाला नाही. थोरल्यानं त्यांची कॉलर धरली.

"आमी भाऊ जाळलाय! ह्या हातानं! आन् तू आज पंगतीच्या टायमाला येतोस, त्यो न्हवता म्हनून सांगाया?"

चार लोक धावले. कुणी म्हणालं, ह्याला हाकला. कुणी म्हणालं, पावणं, तुमाला कायतरी धरबंध? मी मधे पडायला गेलो आणि मांडवाच्या दोरीत पाय अडकून गुडघ्यावर आलो. तेवढ्यानं जरा शांतता झाली.

"मारा मला," ठसेभाई म्हणाले, "पन एक गोष्ट इचारू द्या. त्यांच्या मालकिनीला."

"बाईमान्साला कशाला?"

"तुमी त्याचा हात कवा कवा बघितला? आन् तिनं?"

ती दारात आली. बावीस-तेवीसची असेल. कपाळ मोकळं. ठसेभाईंनी मान खाली घातली आणि विचारलं, "ताई, तुमच्या घरधन्याच्या हातावर काय गोंदलंय?"

तिनं आधी सासऱ्यांकडे बघितलं, मग दिराकडे.

"नाव हाय."

"त्यांचं?"

"त्यांचं न्हाई. नामाभावजींचं." तिचा आवाज अगदी साधा होता. "जत्रंत दोघांनी गोंदून घेतलं. ह्यांच्या हातावर भावजींचं आन् भावजींच्या हातावर ह्यांचं. म्हनले, आपलं नाव आपल्याला ठावंच हाय, दोस्ताचं ठेवू."

थोरल्याच्या हातातून ठसेभाईंची कॉलर सुटली.

"मग आधी का न्हाई बोललीस?" सासरे ओरडले.

"मला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली. "तुमी म्हनला, हातावरनं वळखलं. म्या म्हनलं, वळखलं आसंल."

मग तिला कळलं आपण काय बोललो ते. तिच्या तोंडातून असा एक आवाज आला की तो आनंदाचा की कशाचा, मला आजही सांगता येत नाही. तो अर्ध्यावरच थांबला. कारण ती भांडी घासणाऱ्या बायकांकडे बघत होती, आणि मग सगळेच तिकडे बघायला लागले.

तिथं एक म्हातारी होती. सकाळच्या पहिल्या एसटीनं निरगुडसरहून आली होती. नामदेवची आई. लेकाचा दोस्त गेला म्हणून दोन शेर तांदूळ घेऊन दुखवट्याला आली होती. आणि आपला नामा याच्यासोबतच कामाला गेला होता, तर इथं कुणाला त्याचा काही ठावठिकाणा आहे का, तेही विचारायचं होतं. आल्यापासून ती बसली नव्हती. परात घासत होती. सगळे बघतायत हे लक्षात आल्यावरही तिचा हात राखेसकट दोन-तीनदा परातीवरून फिरला.

"मंजी," ती म्हणाली, "त्यो माजा व्हता?"

भर दुपारी, शंभर माणसांच्या मांडवात, भाताचं पातेलं रटरटत होतं. मी चौदा प्रेतांचे पंचनामे बघितलेत. असा हादरा मला एकाही वेळी बसला नाही. ठसेभाई चालत तिच्यापाशी गेले आणि समोर मातीत बसले. तिनं राखेचा हात पदराला पुसला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला. धीर तीच देत होती.

चार दिवसांनी बबन आला. गुजरातकडे ट्रकवर गेला होता. तो म्हणाला, नामा कालव्यावर अंघोळ करून मागून येतो म्हणाला, आलाच नाही. ट्रक सुटत होता, मला वाटलं घरी परत गेला. त्यानं बाही वर करून सगळ्यांना हात दाखवला. 'नामदेव'. तेव्हा फाईल पुन्हा उघडली आणि नाव बदलून पुन्हा बंद झाली.

पण नामदेवच्या आईजवळ काय राहिलं? अग्नी दुसऱ्यांनी दिला. राख दुसऱ्यांनी, दुसऱ्याच्या नावानं, नदीत सोडली. फोटो त्यानं कधी काढला नव्हता. ती ठाण्यात आली आणि म्हणाली, माझ्या लेकाचं काहीतरी द्या. फौजदारांनी तिला चहा दिला.

ठसेभाईंनी कागद दिला. दहा चौकोनांचा, सरकारी, मूळ कागद. फाईलमधून काढला आणि त्या जागी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं, 'कागद मयताच्या आईस दिला', खाली सही. मी हादरलो. जो माणूस शाईच्या एका डागासाठी मला म्हशीची उपमा देई, त्यानं रेकॉर्ड देऊन टाकलं होतं!

"निदान लिहायचं तरी नाही," मी म्हणालो. "हरवला म्हणायचं."

"हरवला कुठं? दिला ना."

चौकशी लागली. नोकरी वाचली, पण त्यांना पुण्याला टेबलावर बसवलं. जुन्नरचं घर बंद झालं. अधूनमधून येत, ओट्यावर बसत. रिटायर झाले आणि सहा महिन्यांत गेले. मी मातीला गेलो होतो. पांढऱ्या कापडात सगळं गुंडाळलेलं असतं, हात दिसत नाहीत.

त्यानंतर वर्षभरानं पुतणीच्या सोयरिकीसाठी निरगुडसरला जाणं झालं. सोयरीक जुळली नाही. मुलाकडच्यांनी बोलणी करायला मला पुढे केलेलं पाहिलं, बहुधा त्यामुळे. परत निघताना मी म्हातारीचं घर विचारत गेलो. तिनं ओळखलं. "दोरीत आडकून पडलेलं पावणं," म्हणाली.

भिंतीवर, जिथं लोक गेलेल्या माणसाचा फोटो लावतात तिथं, काचेच्या फ्रेममध्ये तो कागद होता. वर झेंडूचा हार. वर पाच चौकोन, खाली पाच. नऊ चौकोनांत काळे ठसे, प्रत्येकावर काचेवरून लावलेला कुंकवाचा ठिपका. दहावा चौकोन कोराच होता. ती करंगळी पाण्यानं ठेवली नव्हती.

"खिळा बी त्यांनीच ठोकला," म्हातारी म्हणाली. "दर साली दिवाळीला यायचं. समदं सांगितलं मला त्यांनी. ठसं कसं घेतलं ते बी. म्हनले, मावशी, तुमच्यापासून लपवत न्हाई. औंदा आलं न्हाईत."

मी सांगितलं.

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "साऱ्या तालुक्याचं ठसं घेतलं त्या मान्सानं. त्यांचा कुनी घेतला का?"

मी आठवून बघितलं. "नाही, मावशी. कुणीच नाही."

ती उठली. कोनाड्यातला करंडा घेतला, पाण्यात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं. फ्रेमपाशी टाचा उंचावून उभी राहिली आणि रोज जो चौकोन सोडून देत असे त्या दहाव्या चौकोनावर, काचेवर, बोट ठेवलं. घाई न करता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं.